देवाच्या आधी घोटभर

बाबली घाड्याने डब्यातले चार थेंब तळहातावर ओतून घेतले आणि हात पुढे केला. "ओडा काडी, दाजी."

दाजी गावकारांनी काडी ओढून त्याच्या तळहाताला लावली. चर्र असा आवाज झाला आणि काडी विझली.

"परत," बाबली म्हणाला.

परत तेच झालं. आमची काजूची दारू असती तर तळहातावर निळी जोत नाचली असती आणि बाबलीने "हाय हाय" करत हात झटकला असता. इथे त्याच्या हातावर नुसता फेस उरला. आंघोळीचा साबण धुवायचा राहावा तसा.

"आग इझवूक बरी आसा," जगू भावोजी म्हणाले. "खय गवत पेटला तर हिचो डबो हाडूचो."

तिघंही हसले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला हसू येण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीची राखण होती. पावसाळ्याच्या तोंडावर, वैशाख सरता सरता, गावच्या वेशीवरच्या राखणदाराला कोंबडा आणि दारूची बाटली द्यायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वर्षभर आम्हाला सांभाळ म्हणून सांगायचं, ही रीत. कोंबडा गावाचा, पण बाटली एका घरातून जाते. ते घर आमचं. माझ्या आजेसासऱ्यांपासून तो मान आमच्याकडे होता. ही बाटली विकतची चालत नाही. ती घरातूनच निघावी लागते. आणि मान आहे तोवर डोंगराकडची काजूची वाडी त्या घराने खायची. मान गेला की वाडी गेली. मी विधवा बाई, मुलगा बोटीवर. त्या वाडीवरच माझी चूल पेटत होती.

दर वर्षी मी स्वतः काजूचे बोंडू मळून, रस कुजवून, भट्टी लावून बाटली काढायची. त्या वर्षी शिमग्यानंतर दारूबंदीची जीप आली आणि सरळ माझ्या परसातल्या पायवाटेने वर गेली. ती पायवाट घरच्या माणसांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. माझी मडकी फुटली, तांब्याचं भांडं गेलं. मग वाडीतल्या बाकीच्यांनी घाबरून आपापल्या भट्ट्या मोडून टाकल्या.

जगू भावोजी माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. मधे दगडांचा एक गडगा, पलीकडे त्यांचं घर. न्हानू, म्हणजे माझे मालक, गेल्यापासून त्यांनी मला 'वयनी' म्हणायचं सोडलं होतं. तोंडावर 'ही' आणि पाठीमागे 'न्हानूची बायल'. मान आपल्या घरात यावा असं त्यांच्या फार मनात होतं. त्या दिवशी सकाळी तेच दाजींना घेऊन आले होते, की बघा, बाटली नाही, आता निकाल करा.

माझ्याकडे बाटली नव्हती, पण हे डबे होते. माझा पुरशो शिमग्याला घरी आला तेव्हा एक खोकं घेऊन आला होता. अमेरिकेत कुठल्याशा बंदरात त्यांच्या सणाला कंपनीने बोटीवरच्या सगळ्यांना एकेक खोकं फुकट वाटलं होतं. "आये, तिकडची सगळ्यात स्वस्त दारू ती," तो म्हणाला होता. "लोक पाण्यासारखी पितात." तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. डब्यावर घोड्याचं की गाढवाचं, कळेना असं एक जनावर काढलं होतं, तेवढं मी बघितलं आणि खोकं पलंगाखाली सारलं.

"विकतची नाय, घरातली आसा," मी म्हटलं. "माझ्या झिलाच्या घामाची."

"घामाचीच दिसता," भावोजी म्हणाले. "वास तसोच येता."

"देवाची दारू पेटूक व्हयी," दाजी म्हणाले. ते ऐंशीच्या घरातले, कानाने जरा कमी, पण गावातला शेवटचा शब्द त्यांचा.

"माडी खय पेटता?" मी विचारलं. "माझ्या मामंजींनी माडी दिल्यानी ना, ज्या वरसाक काजू जळले? तेव्हा देवान घेतल्यान, मां?"

दाजींनी बाबलीकडे बघितलं. बाबली घाडी म्हणजे देवाशी बोलणारा माणूस. गाऱ्हाणं तोच घालायचा. गावात दारूतलं त्याला जेवढं कळायचं तेवढं कोणाला कळत नसे, कारण तेवढी प्यालेलाच कोणी नव्हता.

"खरा आसा," बाबली म्हणाला. "माडी पेटत नाय. पण माडी चढता. देवाक चढणारी व्हयी."

दाजींनी मान हलवली. "मग पिऊन बघूया. चढली तर दारू. नाय चढली तर पाणी. पाणी असला तर मान जगूक. काय गे, कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

"माका पण," भावोजी म्हणाले आणि दारापुढच्या खळ्यातल्या बाकड्यावर ऐसपैस बसले.

मी काचेचे तीन ग्लास आणले. सोबत भाजलेल्या काजूगरांची ताटली ठेवली. भावोजींनी ताटली दूर सारली. "माझो उपास आसा."

राखणीच्या आदल्या दिवशी बाटलीच्या घरातलं माणूस दिवस मावळेपर्यंत अन्न घेत नाही. मान मिळायच्या आधीच भावोजींनी मानकऱ्याचा उपास धरला होता!

"उपास आणि दारू?" बाबली म्हणाला.

"दारू खयची? पाणीच ता. पाण्याक उपास नसता."

मी पहिला डबा तिघांत वाटला. रंग बरा होता, जुन्या पितळी समईसारखा. वर फेस आला तो ग्लासातून बाहेर पडून बाकड्यावर सांडला. दाजींनी घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसले. गिळावं की थुंकावं याचा विचार करत असावेत. शेवटी गिळला.

"नाकातसून इली," ते म्हणाले.

"चव कशी?"

"भिजलेल्या गोणपाटाची."

बाबलीने डोळे मिटले. त्याची पिण्याची तऱ्हा वेगळी. आधी वास, मग जिभेच्या टोकावर एक थेंब, मग घोट. "मक्याची कणसां उकडलेला पाणी," तो म्हणाला. "मगे गूळ येता... इलो... गेलो. दारात तोंड दाखवून पळालो." त्याने पुन्हा ओठ चाटले. "सरतेक इल्लासा कडू किराईत. आणि पत्रो."

"पत्रो?"

"डब्याचो पत्रो. खिळो चोखल्यावानी."

भावोजींनी ग्लास एका दमात रिकामा केला आणि बाकड्यावर आपटला. "काय नाय! काय एक होणा नाय. पेजेचा पाणी हेच्यापेक्षा चढता."

तेवढ्यात त्यांना मोठा ढेकर आला. रिकाम्या पोटातून आलेला, घरंगळत, लांबलचक. गडग्यावरचा कावळा उडाला.

"एक डबो तिघांत म्हणजे काय तपास?" मी म्हटलं. "तोंड धुवक पण पुरूचो नाय. आणि पुरशो सांगी होतो, ही थंड पिवची असता."

थंड डबे विहिरीत होते. सकाळीच मी ते कळशीत भरून दोरीने पाण्यात सोडले होते. कळशी ओढून काढली. डबे गार झाले होते, त्यांच्या अंगावर पाण्याचे थेंब होते. खळ्यात तापलेलं ऊन, माडांची सावली आखडून बुंध्याशी गेलेली. तिघांनीही आपापला डबा हातात घेतला आणि आधी गालाला लावला.

थंड झाल्यावर चव बदलली, निदान तिघांच्या बोलण्यात तरी. दाजींच्या गोणपाटाचं शहाळं झालं. "पण तीन दिवसांचा शहाळा," ते म्हणाले. बाबलीला आता पत्रा लागत नव्हता, मका लागत होता. "गूळ आता जरा ऱ्हवलो," तो म्हणाला. "बसलो, पाणी पिलो, मगे गेलो."

"वायट आसा," भावोजी म्हणाले आणि डबा उपडा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला.

"नको तर ऱ्हवांदे, भावोजी," मी म्हटलं. "उपाशी पोटाक सोसूची नाय."

"माका? माका सोसूची नाय? पाणी सोसूचा नाय?" त्यांनी हात पुढे केला. "हाड अजून. दाजींक समजूक व्हया ना."

मी आणला. मग अजून एक आणला. दाजी आणि बाबली हळूहळू पीत होते, भावोजी मात्र निकालाच्या मागे लागल्यासारखे. प्रत्येक घोटानंतर ते जाहीर करत, "काय नाय." आधी बसून म्हणत होते, मग उभं राहून म्हणू लागले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढली, झटकली, घातली, पुन्हा काढली. दाजींच्या कानातले केस बघून त्यांना हसू आलं ते थांबेना.

"काय झाला?" दाजींनी विचारलं.

"काय नाय! काय एक होणा नाय!"

"मगे हसतंस कित्याक?"

"तुमच्या कानात हळद रुजली काय?" आणि पुन्हा हसले.

दाजींनी कानाला हात लावून बघितला. बाबली माझ्याकडे बघून डोळे मिचकावणार होता, पण मी मान वळवली.

कळशीत शेवटचा डबा राहिला. बाबलीने तो उचलला, तेवढ्यात भावोजींनी त्याचं मनगट पकडलं.

"तो माझो."

"तुजो कसो? तू तीन पिलंस."

"माका तपास करूचो आसा! सोड!"

"मी घाडी. देवाच्या दारूचो तपास माझो."

"सोड म्हणतंय, बाबल्या!"

दाजींनी काठी आपटली. "अरे, पाण्याक कोण भांडता?"

"वैशाखात पाण्याकच भांडतत!" भावोजी ओरडले.

ह्याच्यावर मात्र मलाही हसू आवरलं नाही. आमच्या वाडीत त्या दिवसांत विहिरीवर रोज भांडणं. भावोजींनी डबा उघडला, उभ्या उभ्या संपवला आणि पडवीच्या खांबाला धरून आत बघत राहिले.

तिथे खुंटीला न्हानूची पागेर टांगलेली होती. मासे धरायची ती जाळी. मी कधी काढली नव्हती. भावोजींनी तिच्या कडेचे शिशाचे मणी बोटांत घेतले, मोजल्यासारखे एकेक पुढे सारले. मला वाटलं, आता हिच्यावरूनही काहीतरी टोमणा येणार. मी तयारीत राहिले.

"वयनी," ते म्हणाले.

मला मारलेली ती हाक किती वर्षांनी ऐकत होते!

"वयनी, माका पागूक न्हानून शिकवल्यान गे. खाडीत. माका फेकूक येय नव्हती. माझ्याच डोक्यार पडा. तो हसा... हसा आणि परत माझ्या हातात दी." त्यांनी मणी सोडले. "आणि मी तेका खांदो देऊक इलंय नाय. वाटणीवरून रागावलेलंय. गडग्याआड उभो ऱ्हवान बघी होतंय."

आणि ते रडायला लागले. तोंडावर हात न घेता, खांब कवटाळून, लहान मुलासारखे. बाबलीने हातातला काजूगर ताटलीत ठेवला. हे माझ्या मनात नव्हतं. मी जे काही योजलं होतं त्यात हे कुठेच बसत नव्हतं. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्याजवळ ठेवला. दुसरं काय करणार?

दाजी काठीवर हनुवटी टेकवून त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "दारूच ती."

"होय महाराजा," बाबली म्हणाला, गाऱ्हाण्यात म्हणतात तसं.

"न्हानू गेलो तेव्हा हेच्या डोळ्यात टिपूस नव्हता. आज धार लागली. ह्या पाण्यान होणा नाय. दारू म्हणजे दारू." दाजी माझ्याकडे वळले. "शेवंती, तुझी बाटली कबूल. आता देवाचो डबो दी हय, बाबली निशाणी करून ठेवतलो."

मी कळशी उपडी केली. दोन थेंब पडले.

बाबलीने बाकड्यावरचे डबे एकेक करून कानाशी हलवले. सगळे रिकामे.

भावोजींचं रडं एकदम थांबलं. गालावरचं पाणी तसंच, पण डोळ्यांत चमक आली. "म्हणजे हिच्याकडे बाटली नाय!" ते म्हणाले. वयनीची परत 'ही' झाली होती. "दाजी, उद्या राखण, आणि हिच्याकडे द्यायला थेंब नाय! मान माझो!"

दाजींनी बाबलीकडे बघितलं. आता जे व्हायचं ते बाबलीच्या तोंडून व्हायला हवं होतं. मी ते सांगून चाललं नसतं. बाईने देवाची रीत सांगितलेली कोण ऐकून घेणार?

बाबलीने डोकं खाजवलं. एका काजूगराचे दोन भाग केले. एक खाल्ला.

"दाजी," तो म्हणाला, "ती दारू होती, मां?"

"होती."

"देवाची होती?"

"देवासाठीच काढलेली."

"मगे देवाच्या आधी जेनी पिल्यान, तेना देवाक भरून देवची. माझ्या बापसाच्या वेळेक एका गड्यान अशीच वाटेत बाटली फोडून घोट घेतल्यान. तेच्याकडसून नवी बाटली घेतली आणि मानाच्या घरात ठेवली. मान हलाक नाय."

"आपण तिघांनी पिली," दाजी म्हणाले.

"तुमी एक डबो आणि घोटभर. मी दीड. बाकीचो..."

दोघांनी भावोजींकडे बघितलं. भावोजींनी मागे वळून बघितलं, तिथे दुसरं कोणी उभं आहे का ते.

"माझ्याकडे खयची बाटली?" ते म्हणाले. "सगळ्यांच्या भट्ट्ये मोडले. माझ्या घरात औषधाक पण थेंब नाय."

"आसा मां!"

गडग्याच्या पलीकडून आवाज आला. माझी जाऊ हिरू, भावोजींची बायको, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. हातात केरसुणी. कोण जाणे कधीपासून अंगण झाडत होती! "तांदळाच्या कणगीत आसा ना? ह्याच म्हयन्यात काढलेली. हाडू?"

भावोजींनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी असती तर केरसुणी टाकून आत पळाली असती. हिरू आत गेली, पण बाटली आणायला.

बाबलीने बूच काढलं आणि नुसत्या वासानेच त्याचे डोळे ओले झाले. तळहातावर थेंब घेतला, दाजींनी काडी लावली. उन्हातसुद्धा निळी जोत दिसली. "हाय हाय!" बाबलीने हात झटकला आणि मनापासून हसला.

दाजींनी बाटली माझ्या हातात दिली. "उद्या सकाळी तुझ्या घरातसून निघतली." मग ते सावकाश भावोजींकडे वळले. "जगू, जीप इली तेव्हा गावातली एकेक भट्टी गेली. तुझी कशी ऱ्हवली रे?"

भावोजी बाकड्यावर बसले. मग आडवे झाले. टोपी तोंडावर ओढून घेतली.

"माका चढली," ते टोपीखालून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राखण झाली. बाटली माझ्या दारातून गेली, बाबलीने माझ्या घराचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं म्हणे. भावोजी कपाळाला सुंठीचा लेप लावून बाटली न्यायला आले होते. मला सोडून सगळीकडे बघत होते, पण निघताना उंबऱ्याशी थांबून "येतंय, वयनी," एवढं पुटपुटले. शुद्धीवर असताना म्हणाले, म्हणून मी ते धरून ठेवलं.

राखणीला बायकांनी जायचं नसतं. सगळे पुरुष वेशीवर, वाडी सामसूम. दुपारी हिरू गडगा ओलांडून माझ्या मागच्या दारी आली आणि चुलीपुढे पाट ओढून बसली.

"आसत?" तिने विचारलं.

"आसत," मी म्हटलं, आणि पलंगाखालून खोकं ओढलं. डबे निम्म्याहून जास्त शिल्लक होते. खळ्यात मी मोजकेच काढले होते.

हिरू हसत हसत पदराने डोळे पुसायला लागली. "मी तेंका काल सकाळीच सांगलंय, एका घोटान काय कळूचा नाय, दाजींसमोर पोटभर पिवा, म्हणजे कोणाक बोलाक जागा नको. म्हणाले, माझी बायल हुशार आसा."

"आणि उपास?"

"तो तेंचो तेनींच धरलो. मी फक्त परवा रात्री पण जेवक वाढलंय नाय. म्हटलंय, मानकऱ्यान आदल्या राती पण जेवचा नसता."

"असा खय आसा?"

"नायच मां!"

कणगीतल्या बाटलीचं तिनेच मला विहिरीवर सांगितलं होतं, राखणीच्या चार दिवस आधी. तेव्हापासून आम्ही दोघी पाणी ओढता ओढता हेच ठरवत होतो. बाबलीच्या बापाच्या वेळची ती वाटेत फोडलेल्या बाटलीची गोष्ट आम्हाला ठाऊक होती, ती त्याला वेळेवर आठवेल एवढीच भिस्त होती. न ठरलेलं एकच झालं, खांबाला धरून रडलं ते. तिला मी त्याबद्दल विचारलं.

हिरूने चुलीतली राख उकरली. "रात्री पण रडले," ती म्हणाली. "शुद्धीर." मग लगेच आवाज बदलून, "पण मान माझ्या घराक नको गे बाय. बोंडू मळूचे कोणी? भट्टी फुकूची कोणी? धूर खावचो कोणी? ते बसतले बाकड्यार पाय सोडून. ह्या वरसाक एक बाटली काढल्यानी, माझे डोळे आठ दिवस सुजलेले."

मी डबा उघडला. दोन पितळी पेल्यांत निम्मा निम्मा ओतला. फेस तिच्या नाकाला लागला. तिने कधी दारूला तोंड लावलं नव्हतं. मीही काढली आयुष्यभर, पण घोट असा घेतला नव्हता. आम्ही दोघींनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि प्यालो.

बाबलीचं खरं होतं. आधी उकडलेला मका, मग गूळ दारात येऊन पळाला, मग घशाशी किंचित कडू. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच पातळ. एवढ्या लांबून, एवढा समुद्र ओलांडून आलेली वस्तू, आणि चव म्हणाल तर कुणीतरी आपल्या पेजेत गुपचूप पाणी वाढवल्यासारखी.

"कशी लागली?" मी विचारलं.

हिरूने तोंड वेडंवाकडं केलं. जीभ बाहेर काढून पदराने पुसली. पेल्याच्या तळाशी काय राहिलं ते निरखून बघितलं.

"वायट," ती म्हणाली, आणि पेला पुढे केला.